टॉक्सिकॉलॉजिक पॅथॉलॉजी, बाहेरच्यांसाठी: नाशिकमधल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचं परीक्षण

अंबड, सातपूर, सिन्नर या पट्ट्यात औषधं, कीटकनाशकं आणि त्यांचा कच्चा माल यांवर काम करणारे केमिस्ट, फार्मसीवाले, फॉर्म्युलेशनवाले भरपूर आहेत. टॉक्सिसिटी स्टडीचा, म्हणजे द्रव्य प्राण्यांना देऊन केलेल्या विषारीपणाच्या चाचणीचा, अहवाल त्यांच्यापर्यंत पोचतो, पण वाचला जातो तो पहिल्या दोन पानांपुरता: गोषवारा आणि एनओएईएलचा आकडा, म्हणजे ज्या डोसपर्यंत अपायकारक परिणाम दिसला नाही तो डोस. पॅथॉलॉजिस्टने एकेका जनावराच्या एकेका अवयवाबद्दल लिहिलेली पानं त्यामागे असतात, ती उघडलीच जात नाहीत. सातपूरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत शनिवार-रविवारी भरणारी ही कार्यशाळा त्या पानांसाठी, म्हणजे टॉक्सिकॉलॉजिक पॅथॉलॉजीसाठी आहे: द्रव्याने अवयवांना आणि पेशींना झालेली इजा ओळखण्याचं शास्त्र. दोन दिवसांत कुणी पॅथॉलॉजिस्ट होणार नाही. त्यासाठी एमव्हीएससी (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) किंवा तशी पदवी आणि वर्षानुवर्षं स्लाइड्स वाचण्याचा सराव लागतो. अहवाल हातात आला की कुठे थांबायचं, काय विचारायचं आणि मुख्य म्हणजे स्टडी सुरू व्हायच्या आधी काय ठरवून घ्यायचं, एवढं कळावं हा हेतू आहे. तो बऱ्यापैकी साधतो. दोन ठिकाणी कार्यशाळा कमी पडते, त्याबद्दल पुढे.

पहिलं व्याख्यान गिधाडांवर आहे. नाशिक जिल्ह्याला हा विषय परका नाही. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवली जातात. भारतीय उपखंडातली गिधाडं नव्वदच्या दशकात झपाट्याने कमी होत गेली आणि विषाणूपासून कीटकनाशकांपर्यंत सगळे तर्क लढवून झाले. उलगडा सुरू झाला तो शवविच्छेदनाच्या टेबलावर. मेलेल्या पक्ष्यांच्या यकृतावर आणि हृदयाच्या आवरणावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. तो युरिक ॲसिडच्या क्षारांचा; या विकाराला व्हिसरल गाउट म्हणतात. मूत्रपिंडाच्या स्लाइडवर नलिकांच्या पेशी मेलेल्या दिसल्या. म्हणजे आधी मूत्रपिंड निकामी झालं आणि मग युरिक ॲसिड साचलं. एवढं कळल्यावर शोधाची दिशाच बदलली: गिधाडाच्या मूत्रपिंडाला घातक असं त्याच्या खाण्यात काय येतंय? उत्तर निघालं डायक्लोफिनॅक, गुरांना सर्रास टोचलं जाणारं वेदनाशामक. गाउट झालेल्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडात ते सापडलं, गाउट नसलेल्यांत सापडलं नाही, आणि औषध दिलेल्या जनावराचं मांस खाऊ घातल्यावर तोच विकार पुन्हा उमटला. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, आणि २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या बंद होऊन ३ मिलिच्या एकडोसी कुपीचं बंधन आलं.

उदाहरण निवडणाऱ्याला दाद द्यायला हवी. इजा कुठे आहे, आधी कुठली आणि नंतरची कुठली, त्या इजेशी जुळणारं कारण कोणतं, आणि ते कारण मुद्दाम दिल्यावर इजा परत होते का: टॉक्सिकॉलॉजिक पॅथॉलॉजीची अख्खी विचारपद्धत या एका प्रकरणात सापडते. व्याख्याही पाठ करावी लागत नाही.

त्यानंतरचा तास सगळ्यात मोलाचा आहे, आणि तो कलेजीवर होतो. प्रशिक्षणासाठी एकही जनावर मारलं जात नाही, हे उत्तमच. शवविच्छेदन व्हिडिओवर दाखवतात आणि हाताने करायचं काम खाटकाकडून सकाळी आणलेल्या बोकडाच्या कलेजीवर करवून घेतात. आधी १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन स्वतः बनवायचं: एक लिटरसाठी बाजारात मिळणारं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मॅल्डिहाइड १०० मिलि, पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच सातच्या आसपास आला पाहिजे. इथे बरेच जण गोंधळतात, म्हणून शिकवणारे दोनदा सांगतात की '१० टक्के फॉर्मॅलिन' म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्मॅल्डिहाइड. बफर न घालता नुसतं पाणी मिसळलं तर द्रव हळूहळू आम्लधर्मी होतो आणि रक्ताने भरलेल्या ऊतीत तपकिरी-काळे कण तयार होतात. नवखा माणूस ते रंगद्रव्य औषधाच्या खात्यावर जमा करून मोकळा होतो.

मग कलेजीचे ३, ५ आणि २० मिमी जाडीचे तुकडे कापून ऊतीच्या किमान दहापट द्रवात रात्रभर ठेवायचे. रविवारी सकाळी ते मधोमध चिरतात. पहिले दोन आरपार राखाडी-तपकिरी आणि घट्ट झालेले असतात. २० मिमीचा तुकडा वरून अगदी तसाच दिसतो, पण आत सेंटीमीटरभर पट्टा अजून लालसर, ओला आणि बोटाने दाबला की दबणारा. फॉर्मॅलिन आत शिरतं ते वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने: पहिल्या मिलिमीटरला साधारण तास, पाचव्यापर्यंत पोचायला सुमारे पंचवीस तास. तोवर मधल्या पेशी स्वतःच्याच एन्झाइमांनी विरघळत राहतात, याला ऑटोलिसिस म्हणतात. स्लाइडवर हा भाग फिकट, केंद्रकं पुसट झालेला दिसतो आणि विषाने मेलेल्या पेशींसारखा भासू शकतो. फरक असा की जिवंतपणी पेशी मेल्या असत्या तर सहसा आजूबाजूला पांढऱ्या पेशी धावून आल्या असत्या. मेल्यानंतर सडलेल्या भागात ती प्रतिक्रिया नसते. हा तुकडा हातात धरून बघितला की बाकी काही विसरलं तरी 'तुकडा पाच मिलिमीटरपेक्षा जाड नको' हे विसरत नाही.

याच ओघात एक सूचना येते, जी स्टडी करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी प्राण्यांच्या खोलीच्या दारावर लावावी अशी आहे. रात्रीत जनावर मेलेलं सापडलं तर ते २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठल्यावर बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि स्लाइडवर नुसती भोकं उरतात. स्वादुपिंड आणि आतड्याचं अस्तर तर फ्रिजमध्येही फार काळ टिकत नाही. उच्च डोसचं जनावर मेलं आणि तक्त्यात त्याच्यापुढे 'ऑटोलिसिस, तपासणी शक्य नाही' असं आलं, तर नेमकं ज्या जनावराकडे उत्तर होतं तेच हातचं गेलं.

वेगवेगळ्या अवयवांची वेगळी वागणूक घाईत सांगितली जाते, पण ती लिहून घेण्यासारखी आहे. वृषण थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की नलिका आकसतात आणि मधे खोट्या फटी पडतात. म्हणून आधी २४ ते ४८ तास मॉडिफाइड डेव्हिडसन द्रवात आणि मग फॉर्मॅलिनमध्ये. डोळ्यालाही डेव्हिडसन द्रव, नाहीतर दृष्टिपटल सुटून येतं. फुप्फुसात श्वासनलिकेतून फॉर्मॅलिन भरायचं. तसंच बुडवलं तर ते पिचकलेलं राहतं आणि वायुकोशांच्या भिंती जाड झाल्यासारख्या वाटतात. ताजा मेंदू चिमट्याने दाबला गेला तर गडद, आकसलेल्या चेतापेशी दिसतात, आणि चेतासंस्थेवर परिणाम करणाऱ्या कीटकनाशकाच्या स्टडीत असा एक खोटा पुरावा किती महागात जाईल याचा अंदाज कुणीही बांधावा.

पुढचा टप्पा म्हणजे चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढणं, झायलीन, ५६ ते ५८ अंशांना वितळणारं पॅराफिन, ब्लॉक, आणि मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, ४ ते ५ मायक्रॉनची काप. इथले टेक्निशियन फार चांगले आहेत, आणि त्यांनी सांगितलेल्या नाशिकच्या हवेच्या गोष्टी पुस्तकात सहसा मिळत नाहीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात ब्लॉक मऊ पडतो आणि काप चुरगळते, म्हणून कापायच्या आधी ब्लॉक बर्फावर ठेवायचा. उलट जानेवारीत निफाडकडची थंडी शहरात उतरली की फॉर्मॅल्डिहाइडच्या मूळ बाटलीत तळाला पांढरा साका बसतो. ते पॅराफॉर्मॅल्डिहाइड. वरचा द्रव ओतून घेतला तर तो कमी तीव्रतेचा असतो आणि ऊती नीट टिकत नाहीत. मायक्रोटोमच्या पात्याला खोच असेल तर सगळ्या कापांवर एकाच जागी सरळ उभी रेघ येते. वॉटर बाथमध्ये, म्हणजे काप पसरायच्या कोमट पाण्याच्या भांड्यात, आधीच्या जनावराचा तरंगता कण राहिला तर तो पुढच्याच्या स्लाइडवर चिकटतो. कंट्रोलच्या, म्हणजे द्रव्य न दिलेल्या जनावराच्या, यकृतात अचानक आतड्याचा तुकडा दिसला तर घाबरायचं कारण नाही, पण नोंद करायचं कारण आहे.

खोलीबद्दल एक तक्रार. फॉर्मॅल्डिहाइड हा माणसात कर्करोग घडवणारा म्हणून सिद्ध झालेला पदार्थ आहे, आणि इथे सगळ्या तुकडीसाठी वाफा ओढून घेणारं एकच कपाट (फ्यूम हूड) आहे. रांग लागली की लोक उघड्या टेबलावर बरण्या उघडतात. विषाचे परिणाम शिकवणाऱ्यांनी हे चालवून घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी स्लाइड वाचन. दोघांत एक मायक्रोस्कोप आणि मोठ्या पडद्यावर स्कॅन केलेली स्लाइड. आधी निरोगी रॅटचं यकृत भरपूर वेळ बघायला लावतात, आणि ते योग्यच आहे. सामान्य काय हे डोळ्यात बसल्याशिवाय असामान्य दिसत नाही. नंतर पाच पायऱ्यांची तीव्रता: अत्यल्प, सौम्य, मध्यम, ठळक, तीव्र. नावं सगळीकडे सारखी असावीत म्हणून युरोप, ब्रिटन, जपान आणि उत्तर अमेरिकेतल्या टॉक्सिकॉलॉजिक पॅथॉलॉजी संस्थांनी मिळून 'इनहँड' नावाची शब्दावली तयार केली आहे, तिची ओळख होते. तीव्रतेच्या पायऱ्या मात्र त्या-त्या पॅथॉलॉजिस्टच्या असतात. दोन प्रयोगशाळांच्या अहवालांतले 'सौम्य' एकमेकांशेजारी ठेवून बेरीज करू नका, हा इशारा संख्याशास्त्रवाल्यांसाठी आहे.

सरावाचा तक्ता फार चांगला रचलाय. नव्वद दिवसांची स्टडी, प्रत्येक गटात १० नर. यकृताच्या खंडिकेच्या (यकृत ज्या बारीक, एकसारख्या भागांचं बनतं त्यातल्या एकाच्या) मध्यभागातल्या पेशी मोठ्या झाल्याची नोंद कंट्रोलमध्ये ०, कमी डोसला ०, मधल्याला ३, उच्च डोसला ९. प्रश्न: एनओएईएल कोणता? खोलीतले जवळपास सगळे केमिस्ट लगेच 'कमी डोस' म्हणतात. मग त्याच तक्त्याच्या दोन जोड-फायली वाटतात. पहिलीत यकृताचं वजन पंधरा टक्क्यांनी वाढलेलं, रक्तातलं एएलटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) कंट्रोलइतकंच, एकही मेलेली पेशी नाही, आणि औषध बंद केल्यावर चार आठवड्यांत पेशी पूर्ववत. फिनोबार्बिटालसारखी द्रव्यं यकृताला जास्त एन्झाइम बनवायला लावतात, त्यासाठी पेशी मोठ्या होतात. हा जुळवून घेण्याचा भाग. इथे उच्च डोस हाच एनओएईएल ठरू शकतो. दुसऱ्या फाइलीत पेशींचा आकार तोच, पण उच्च डोसला एएलटी तिप्पट आणि सुट्या-सुट्या पेशी मेलेल्या. आता उच्च डोस अपायकारक, आणि मधल्या डोसच्या तीन जनावरांकडे परत जाऊन बारकाईने बघावं लागतं. तक्ता एकच, निष्कर्ष दोन. स्लाइडवरची नोंद, अवयवाचं वजन आणि रक्ताचे आकडे एकत्र वाचायचे असतात हे या एका तासात पक्कं होतं.

याच तक्त्यात एक सापळा आहे, आणि तो शिकवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलाय. मूत्रपिंडाच्या रांगेत कमी आणि मधल्या डोसचे रकाने रिकामे आहेत. बहुतेक जण त्याचा अर्थ 'काही आढळलं नाही' असा घेतात. नियमित नव्वद दिवसांच्या स्टडीत सगळ्या अवयवांची सूक्ष्मदर्शक तपासणी कंट्रोल आणि उच्च डोस या गटांची होते. उच्च डोसला काही सापडलं तरच तो अवयव खालच्या गटांत तपासतात. रिकामा रकाना म्हणजे पाहिलंच नाही. तसंच पॅराथायरॉइडपुढे तपासलेल्या जनावरांचा आकडा १० ऐवजी ७ असेल तर ती मोहरीएवढी ग्रंथी तीन जनावरांच्या कापेत आलीच नाही असं समजायचं. अपूर्णांकातला छेद, म्हणजे किती जनावरं तपासली तो आकडा, बघायची सवय लावा, फक्त वरचा अंश वाचू नका.

रॅटमध्ये होतं म्हणून माणसात होईलच असं नाही, या भागाला अर्धाच तास आहे, पण उदाहरणं नेमकी आहेत. संत्र्या-लिंबाच्या सालीतल्या डी-लिमोनीनने नर रॅटच्या मूत्रपिंडात प्रथिनांचे थेंब साचतात आणि पुढे गाठीही होतात. कारण अल्फा-टू-यू-ग्लोब्युलिन हे प्रथिन, जे नर रॅट भरपूर बनवतो आणि माणूस बनवत नाही. म्हणून हा परिणाम माणसाच्या धोक्यात धरत नाहीत. रॅटच्या जठराचा पुढचा कप्पा माणसाला नसतोच, त्यामुळे नळीने दिलेल्या दाहक द्रव्याने तिथलं अस्तर जाड झालं तर त्याचा अर्थ जपून लावायचा. मात्र 'रॅटपुरतंच आहे' हे म्हणायला परिणाम नेमका कसा घडतो ते सिद्ध करावं लागतं, नुसता दावा चालत नाही, हेही ठणकावून सांगतात.

द्राक्षांचा विषय निघणार होताच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागायतदारांच्या भाषेतल्या सीसीसी या वेलीची वाढ आवरणाऱ्या द्रव्याच्या, अंशांवरून युरोपात द्राक्षं अडकली, ते इथे कुणी विसरलेलं नाही. रेसिड्यू लॅबमधून, म्हणजे फळांवरचे रसायनांचे अंश मोजणाऱ्या प्रयोगशाळांतून, आलेल्यांसाठी हा भाग उपयोगी आहे. रोजच्या आहारातली चालण्याजोगी मात्रा सहसा एनओएईएलला १०० ने भागून काढतात: प्राण्यातून माणसात येताना दहा, माणसामाणसांतल्या फरकासाठी दहा. एनओएईएल किलोमागे ५ मिलिग्रॅम असेल तर ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३ मिलिग्रॅम. बागेतल्या फळावरची कमाल अंशमर्यादा मात्र फवारणीची योग्य पद्धत धरून ठरते, आणि वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल तिथे युरोप किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लावतो. म्हणून मर्यादा ओलांडली म्हणजे खाणारा आजारी पडेल असं नव्हे, आणि मर्यादेत आहे म्हणून मूळ स्टडी चांगली होती असंही नव्हे. व्याख्यात्यांनी हे दोन धागे सुटे ठेवले, याबद्दल आभार.

आता कमी काय. पॅथॉलॉजिस्ट पहिल्यांदा स्लाइड वाचतो तेव्हा कुठलं जनावर कुठल्या गटातलं हे त्याला माहीत असतं. बाहेरच्या शास्त्रज्ञांना हे ऐकून धक्का बसतो, आणि तो रास्त आहे. कारणही तितकंच रास्त आहे: कंट्रोलमधला नैसर्गिक चढउतार माहीत असल्याशिवाय बारीक बदल ओळखूच येत नाही, संशयास्पद बदल मग गट झाकून पुन्हा वाचतात. यावर भरपूर चर्चा व्हायला हवी होती, ती पाच मिनिटांत उरकली. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून होणाऱ्या पीअर रिव्ह्यूचंही तेच. ओईसीडीने (चाचण्यांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे, भारत २०११ पासून जीएलपीच्या (प्रयोगशाळांच्या चांगल्या कार्यपद्धतीच्या नियमांच्या) परस्पर-मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सहभागी आहे, आणि इथे येणाऱ्या निम्म्या लोकांना कधीतरी 'रिव्ह्यूनंतर निदान बदललं, ते चालतं का' हा प्रश्न पडणार आहे. चालतं, अहवालावर अंतिम सही होण्याआधी, आणि रिव्ह्यू झाला, कुणी केला, कशाकशाचा केला याची नोंद ठेवून. एवढं तरी फळ्यावर लिहायला हवं होतं.

एमफार्मच्या विद्यार्थ्यांनी शोधनिबंधासाठी जनावरं मागवायच्या आधी यावं. संपल्यावर येऊन उपयोग नाही, तोवर वृषणं फॉर्मॅलिनमध्ये गेलेली असतात. फॉर्म्युलेशन आणि रेग्युलेटरीवाल्यांना दुसरा दिवस जास्त कामाचा. मायक्रोस्कोप कधीच न हाताळलेल्यांनी आधी घरी पेशी आणि ऊतींची उजळणी करून यावं, कारण शिकवणं मराठीत आणि समजावून असलं तरी यकृताची खंडिका म्हणजे काय हे सांगायला तिथे कुणी थांबत नाही. सोबत मिळणारी पुस्तिका चांगली आहे, विशेषतः द्रवांच्या कृती आणि अवयव कापायच्या दिशांची चित्रं. फक्त तिच्यातली नव्वद दिवसांच्या स्टडीची यादी जुनी आहे. ओईसीडीच्या ४०८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत २०१८ च्या सुधारणेत टी-३, टी-४ आणि टीएसएच ही थायरॉइडशी संबंधित संप्रेरकं मोजणं आलं, ते यादीत नाही. त्या पानावरून कुणी प्रोटोकॉल लिहिला तर रक्ताचे नमुने घ्यायचे राहतील आणि ते नंतर परत मिळत नाहीत. पुढच्या तुकडीच्या आत ते पान बदला.